चिबडलेल्या पायाला मलम कशाला?



भाव, वीज, कर्ज, पाणी हे विषय आपल्या प्रत्येक जिल्हा बैठकीत असतात आणि ते असलेच पाहिजेत. या अंकात मात्र मी दोन पाने एका वेगळ्या विषयासाठी मागून घेतली आहेत. हा विषय बैठकीत कधी निघत नाही, पण बैठकीत बसलेला असतो. मागच्या रांगेत पन्नाशी-साठी ओलांडलेला एखादा कार्यकर्ता खुर्ची ओढून पाय लांब करून बसतो. घोट्याच्या वर आतल्या बाजूला चिंधी गुंडाळलेली असते. विचारले तर म्हणतो, "काही नाही, जुनंच दुखणं हाय." जुने म्हणजे किती? कोणाचे आठ महिने, कोणाचे तीन वर्षे. काहींची जखम भरते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडते. बायकांमध्ये अशा जखमा कमी नाहीत. त्या लुगड्याच्या काठाखाली झाकलेल्या राहतात, एवढाच फरक.

मला बोलायचे आहे ते जखमेपेक्षा जखमेभोवतीच्या कातडीबद्दल. पैसा वाया जातो तो तिथे. कातडी लाल होते, खाजते, तिच्यातून पाणी सुटते, खपल्या धरतात. माणसाला वाटते, जखम चरत चालली. तो औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणतो. आठ दिवसांनी लाली दुप्पट. मग दुसरी ट्यूब, मग कोणीतरी सांगितलेला पाला, मग एक इंजेक्शन, मग तालुक्याचा दुसरा डॉक्टर. दोन वर्षांनी हिशेब मांडला तर एका एकरातले सोयाबीन त्या पायावर खर्ची पडलेले असते आणि पाय आहे तिथेच आहे.

मी डॉक्टर नाही, शेतकीचा पदवीधर आहे. पण हे दुखणे ज्याने चिबड जमीन पाहिली आहे त्याला डॉक्टरच्या आधी समजावे असे आहे. कृष्णाकाठी, सांगली-शिरोळच्या पट्ट्यात काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. वर्षानुवर्षे उसाला पाटाने पाणी सोडले, निचऱ्याकडे कोणी पाहिले नाही. खालचे पाणी वर चढले, त्याबरोबर क्षार वर आले, जमिनीवर पांढरा थर धरला. ऊस पिवळा पडला तेव्हा पहिला इलाज काय झाला? खताचे आणखी एक पोते. पिकाला खत कमी पडलेच नव्हते, मुळांचा श्वास कोंडला होता. चर खणल्याशिवाय ती जमीन सुधारत नाही.

पायाचे हुबेहूब तसेच आहे. पायात आलेले रक्त परत वर हृदयाकडे चढवायचे तर पंप लागतो. तो पंप म्हणजे पोटरी. चालताना पोटरी आवळते आणि नसांतले रक्त वर ढकलते. ते परत खाली येऊ नये म्हणून नसांच्या आत लहान लहान झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळका असला की काय होते ते कोणाला सांगायला नको. मोटार थांबली की पाइपातले सगळे पाणी खाली. नसांच्या झडपा गळक्या झाल्या की रक्ताचा सगळा उभा दाब घोट्यावर येतो, आणि पोटरीने कितीही ढकलले तरी तो पुरेसा उतरत नाही. झडपा का बिघडतात? घराण्यातच असते, वय होते, बाळंतपणे होतात, वजन वाढते, कधी खोल नसेत रक्ताची गुठळी होऊन गेलेली असते. आणि तासन्‌तास एका जागी उभे राहण्याचे काम असले तर त्यात भर पडते. चालणाऱ्याचा पंप चालू असतो, उभ्या माणसाचा बंद.

दाब वाढला की पाणी नसांतून बाहेर पाझरते. संध्याकाळी पाय जड होतो, मोज्याचा किंवा पैंजणाचा वळ उमटतो. पुढे रक्तातल्या तांबड्या पेशीही बाहेर येतात, फुटतात, आणि त्यांच्यातले लोह कातडीत राहून जाते. घोट्याभोवती जो तपकिरी डाग दिसतो तो म्हणजे अक्षरशः गंज. तिथली कातडी सुजते, कोरडी होते, खाजते. डॉक्टर याला नसांचे इसब म्हणतात. वर्षे गेली की कातडी लाकडासारखी कडक होते आणि नडगी उलट्या धरलेल्या बाटलीसारखी दिसू लागते, वर जाड आणि घोट्याशी बारीक. अशा कातडीला तुरीच्या खुंटाचा किंवा उसाच्या पाचटाचा एक ओरखडा पुरतो. डास चावला आणि खाजवले तरी पुरते. धडधाकट पायाला जे आठ दिवसांत भरते ते इथे वर्षभर भरत नाही.

म्हणजे जखमेभोवतीची लाली पुष्कळदा जखमेच्या आधीची असते. ती जखमेतून पसरलेली नसते, जखमच तिच्यातून उगवलेली असते. हे एकदा डोक्यात बसले की पुढचे सोपे आहे.

लालीचे दुसरे कारण म्हणजे जखमेतून वाहणारे पाणी. हे पाणी निरुपद्रवी नाही. जुन्या जखमेच्या पाण्यात मांस विरघळवणारे पाचक रस असतात आणि ते चांगल्या कातडीलाही सोडत नाहीत. चिंधी भिजली, दिवसभर तशीच राहिली, की जखमेची कड आधी पांढरी पडते, भाताच्या चिखलात दिवस काढल्यावर बोटांची होते तशी, आणि मग सोलवटते. ओळखायची खूण सोपी: अशी लाली जखमेच्या खालच्या अंगाला जास्त असते, कारण पाणी उताराला जाते.

तिसऱ्या कारणाबद्दल मला जरा जास्त लिहायचे आहे, कारण ते आपणच पैसे मोजून विकत आणतो. इसबाने तडकलेल्या कातडीचे कुंपण मोडलेले असते. वर लावलेली प्रत्येक गोष्ट आत शिरते आणि शरीर तिच्याशी वैर धरते. पायाच्या जुन्या जखमांच्या रुग्णांची पॅच टेस्ट करून पाहण्या झाल्या, त्यांपैकी अनेक पाहण्यांत निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांना कशाची तरी ॲलर्जी निघाली. बहुतेक वेळा ती औषधांची, मलमात मिसळलेल्या पदार्थांची किंवा पट्टीची होती. आपल्याकडे हाताला लागेल तिथे मिळणाऱ्या जखमेच्या मलमांत निओमायसिन असते, फ्रॅमायसेटिन असते, नायट्रोफ्युराझोन असते. ही तिन्ही नावे ॲलर्जी करणाऱ्यांच्या यादीत कित्येक वर्षांपासून आहेत. त्यातही निओमायसिन आणि फ्रॅमायसेटिन ही सख्खी भावंडे आहेत. एकाशी वैर झाले की दुसऱ्याशी बहुधा होतेच, म्हणून ट्यूब बदलून गुण येत नाही. मलम मऊ राहावे म्हणून घातलेली लोकरीची चरबी, वास यावा म्हणून घातलेली द्रव्ये, चिकटपट्टीच्या गोंदातली राळ, लवचिक पट्टीतले रबर, यातले काहीही बाधू शकते. अशा लालीला आकार असतो. पट्टी चौकोनी तर लाली चौकोनी. मलम जिथपर्यंत फासले तिथपर्यंत रेघ ओढल्यासारखी.

बाजारातले सोडा, घरचे घ्या. बिब्बा जखमेजवळ फिरकू देऊ नका. त्याच्या तेलाने धडधाकट कातडीवर फोड उठतात, मग सडलेल्या कातडीचे काय होईल? दगडी पाला, म्हणजे कंबरमोडी, चुरगाळून जखमेवर बांधायची पद्धत गावोगावी आहे. झेंडूच्या पाल्याचा रसही लावतात. वनस्पतीशास्त्राची एक गोष्ट सांगतो. कंबरमोडी, झेंडू आणि आपल्या बांधावरचे गाजरगवत या तिन्हींचे कूळ एकच. गाजरगवत उपटताना ज्याच्या अंगावर लाली उठते त्याला त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचीही बाधा होऊ शकते. आपल्या पिढीत गाजरगवताची ॲलर्जी असलेली माणसे गावागणिक आहेत. आजीच्या काळी हे गवत नव्हते, १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे ते पहिल्यांदा नोंदले गेले. आजीला जो पाला चालला तो नातवाला चालेलच असे धरून चालता येत नाही, ते यामुळे.

डेटॉलचे पाणी, स्पिरिट, पोटॅशचे गडद जांभळे पाणी, हेही नको. जंतू मरतात तसे नव्याने उगवणारे मांसही मरते. आणि जंतूंचे एक लक्षात घ्या. जुन्या उघड्या जखमेत जंतू असणारच, गोठ्यात माश्या असणार तसे. पू तपासायला दिला की काहीतरी निघतेच आणि त्यावर गोळ्या लिहिल्या जातात. अमेरिकन बोंडअळीवर एकच एक औषध मारून मारून आपण काय पदरात पाडून घेतले ते कापूसवाल्यांना विचारा. जखमेवर अँटिबायोटिक भुरभुरवणे त्याच जातीचे आहे. जंतू सरावतात, आणि खरी गरज पडेल त्या दिवशी औषध चालत नाही.

ती खरी गरज कधी, हेही सांगितले पाहिजे. एकच पाय एक-दोन दिवसांत झपाट्याने लाल आणि गरम झाला, हात लावू देईना, थंडी वाजून ताप आला, तर तो कातडीखालचा जंतुसंसर्ग. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उलट दोन्ही पाय लाल, खाज जास्त आणि दुखणे कमी, ताप नाही, महिनोन्‌महिने तसेच, तर बहुतेक इसब. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या मात्र बऱ्या करून घ्या. जंतू आत शिरतात ते त्याच दाराने.

मग इलाज काय? निचरा. पायाला बाहेरून दाब देणारी पट्टी बांधायची. बोटांच्या मुळापासून सुरू करून टाच झाकून गुडघ्याच्या खालपर्यंत, घोट्याशी घट्ट आणि वर जाताना सैल. सकाळी खाटेवरून पाय खाली टाकण्याआधी, म्हणजे सूज चढण्याआधी. बाहेरून दाब आला की गळक्या झडपा जवळ येतात आणि पोटरीच्या पंपाला टेकण मिळते. दाबाच्या पट्टीने जखम लवकर भरते हे जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासून झालेले आहे, त्यात आता वाद उरलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या उन्ना नावाच्या त्वचेच्या डॉक्टरने झिंक ऑक्साइडच्या लेपात भिजवलेली पट्टी पायाला गुंडाळायची पद्धत काढली. ती आजही वापरात आहे. आपल्याकडे पाहावे तर बहुतेक ठिकाणी मलमाचा ठिपका, वर गॉज, वर चिकटपट्टी, आणि पाय तसाच लोंबता.

पट्टीबरोबर बाकीचे साधे आहे. उकळून गार केलेल्या पाण्याने पाय धुवायचा, कातडीच्या खपल्या भिजवून हलकेच काढायच्या, भोवतीच्या कातडीला बिनवासाचे व्हॅसलीन, कडेला झिंकचा लेप. जखमेवर न चिकटणारे, पाणी शोषणारे काही ठेवायचे आणि भिजले की बदलायचे. (मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली आणि ती चिकटत नाही, दुखत नाही असे लिहून ठेवले आहे. अर्थात ती निर्जंतुक केलेली असते. परड्यातले पान तोडून गुंडाळू नका.) लाली फार असेल तर डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइडचे मलम देतात. ते कातडीपुरते, जखमेवर नाही, आणि त्यांच्या चिठ्ठीने. दुकानात खाजेवर म्हणून मिळणाऱ्या तीन-तीन औषधांच्या मिश्र ट्यूबा त्याच्या जागी चालत नाहीत. २०१८ साली सरकारने स्टिरॉइडच्या मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली, पण गावच्या दुकानात कोणी चिठ्ठी मागितल्याचे मी पाहिलेले नाही. दुपारी अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचे, रात्री खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा. उभे राहायचे काम असेल तर टाचा वर-खाली करत राहायचे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि ही वाचल्याशिवाय कोणी पट्टी आणायला जाऊ नये. पायात रक्त नेणाऱ्या धमन्याच बुजलेल्या असतील तर दाबाच्या पट्टीने पाय जाऊ शकतो. विडी-सिगारेटवाले, मधुमेहवाले, चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावे लागणारे, रात्री पाय दुखतो म्हणून खाटेखाली लोंबता सोडणारे, ज्यांची बोटे गार पडतात, अशांनी आधी तपासून घेतले पाहिजे. पावलावरची नाडी लागते का पाहतात, आणि घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्याचे प्रमाण काढतात. ते ०.८ च्या खाली गेले तर नेहमीचा दाब द्यायचा नाही. मधुमेहात हा आकडाही फसवतो. तळव्याची जखम, बधिर पायाची जखम हे वेगळेच प्रकरण, त्याला हा लेख लागू नाही. आणि तीन महिने नीट उपचार होऊनही जी जखम भरत नाही किंवा जिची कड गाठीसारखी वर येते, तिचा तुकडा काढून तपासावा लागतो, कारण जुन्या जखमेत कधी कधी कर्करोग धरतो.

जखम भरली म्हणजे काम संपले असेही नाही. गळकी नस बंद केली नाही तर ती पुन्हा उघडते. ब्रिटनमध्ये ५०० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २००४ साली आला: नुसत्या पट्टीवर वर्षभरात २८ टक्के जखमा परत आल्या, पट्टीबरोबर नसेचे ऑपरेशन केलेल्यांत १२ टक्के. तिथेच २०१८ साली ४५० रुग्णांच्या चाचणीत नस लवकर बंद केलेल्यांची जखम निम्म्या लोकांत ५६ दिवसांत भरली, बाकीच्यांना ८२ दिवस लागले. दिवस पाहा. ८२ दिवस म्हणजे एक मूग निघाला. आपल्याकडे या जखमा वर्षांत मोजतात.

हे सगळे आपल्या अंकात कशासाठी? काही कार्यकर्ते म्हणतील, आरोग्य हा आपला विषय नाही, भाव मिळाला की शेतकरी स्वतःचा इलाज स्वतः करील. अर्धे मला मान्य आहे. पण भावाचाच हिशेब उघडून बघा. केंद्राचा कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो तेव्हा औताची, यंत्राची, गोठ्याची झीज धरतो. घरच्या माणसाच्या कामाला मजुरीचा दर लावतो आणि पुढे जातो. ज्या पायांवर उभे राहून लावणी होते त्या पायांची झीज कोणत्या रकान्यात आहे? कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ साली विम्याचा कायदा झाला, आजारपणात पगाराचा काही भाग हातात पडू लागला. शेतकऱ्यासाठी राज्याची गोपीनाथ मुंडेंच्या नावाची अपघात योजना आहे. अपघातात एक पाय गेला तर एक लाख रुपये मिळतात. पाय कुजत राहिला तर काही नाही. आणि मोठ्या आजारांच्या सरकारी योजना मुख्यतः रुग्णालयात भरती झालेल्यांसाठी. रोजच्या ड्रेसिंगला भरती कोण करणार?

दुकानदाराला मी दोष देत नाही. जिथे आरोग्य केंद्रात पट्टीच नाही तिथे तोच डॉक्टर, आणि त्याच्याकडे विकायला ट्यूबच आहेत. आपली मागणी तुटपुंजी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दाबाच्या पट्ट्या, झिंकचा लेप आणि साधे व्हॅसलीन कायम हवे. पट्टी कशी बांधायची याचे हातात हात धरून शिक्षण एका तरी सिस्टरला मिळाले पाहिजे. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचे यंत्र केंद्रांत असते, त्याच जातीचे धमनीची नाडी ऐकायचे यंत्र ग्रामीण रुग्णालयात हवे. यासाठी मंत्रालयापर्यंत जायची गरज नाही. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे किरकोळ खरेदीचा निधी असतो.

महिला आघाडीला एक वेगळी विनंती. बायका हा पाय पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत आणि नवऱ्याला सांगत नाहीत. दोन-तीन बाळंतपणे, लावणी-वेचणीचे उभे-वाकलेले काम, घरी परतून पुन्हा ओट्याशी उभे. त्यांचे पाय बघायचे तर बाईनेच बघितले पाहिजेत. आशाताईंना बरोबर घ्या.

पुढच्या जिल्हा बैठकीआधी प्रत्येक तालुकाप्रमुखाने आपल्या तालुक्यातल्या किमान पाच गावांत अशी किती माणसे आहेत ते मोजून आणावे. नावे नकोत, आकडा, किती महिने आणि आतापर्यंत किती खर्च, एवढेच. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा तयार आहे, तो या अंकासोबत घातला आहे. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका अनुभवी सिस्टरकडून पट्टी बांधायचे प्रात्यक्षिक ठेवले आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी दहा सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी आणावी आणि ज्याच्या पायाला बांधायची तो माणूस बरोबर आणावा. पावलावरची नाडी सिस्टर आधी बघतील. जिची लागली नाही किंवा जिच्याबद्दल शंका आली, त्या पायाला त्या दिवशी पट्टी बांधली जाणार नाही, त्याची चिठ्ठी जिल्हा रुग्णालयासाठी लिहिली जाईल.